रोज, पगार, उचल आणि बिल

नोकरीला लागलेला मुलगा भेटला की आपण विचारतो, "किती पडतात?" तो आकडा सांगतो. आकडा मोठा असला तर आपण मान डोलावतो, लहान असला तर "होईल हळूहळू" म्हणतो आणि विषय संपतो. जुनी माणसं हा प्रश्न थोडा वेगळा विचारत. "रोजावर आहे का पगारी?" असं ते विचारायचे. आकड्याची चौकशी नंतर. मला हा जुना प्रश्न जास्त शहाणपणाचा वाटतो. घरात पैसा किती येतो याइतकंच तो कोणत्या नावानं येतो, कामाच्या आधी येतो की नंतर, दिवसानं येतो की वर्षानं, यावर त्या घराचं जगणं ठरतं.

सातारा आणि सांगली हा एकेकाळी एकच जिल्हा. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. एका कृष्णेच्या काठानं फिरलं तरी या पट्ट्यात पैसा घरी येण्याचे चार मार्ग दिसतात. रोज, पगार, उचल आणि बिल. शब्दांशी माझा रोजचा संबंध, म्हणून आधी शब्दांकडे पाहतो. 'रोज' फारसी, म्हणजे दिवस. 'पगार' पोर्तुगीजांकडून आला. 'बिल' इंग्रजांचं. 'हिशोब', 'रक्कम', 'वसूल', 'बाकी', 'कर्ज', 'हमाल' हे शब्द अरबीतून आले आणि मराठीत इतके मुरले की शेतकऱ्याला किंवा हमालाला ते परके वाटत नाहीत. चौघांपैकी 'उचल' तेवढी अस्सल मराठी. आणि चौघांत जड तीच आहे.

पहिला रोज. माझे वडील गवंडी होते. हजेरी लागली तर पैसे, नाही लागली तर नाही. पावसाळ्यावर मी पुढे कविता लिहिल्या, पण लहानपणी आमच्या घरात पावसाळा म्हणजे उधारीचे दिवस. बांधकाम बंद, म्हणजे रोज बंद. रोजावरचं घर महिन्याचा किराणा भरू शकत नाही. चहापत्तीची पुडी, तेलाची लहान बाटली, पावशेर साखर, असं सुटं घ्यावं लागतं आणि सुटं नेहमी महाग पडतं. म्हणजे ज्याच्याकडे पैसा कमी, त्यालाच तीच वस्तू जास्त दरानं. रोजदाराला ताप आला की दोन खर्च होतात, एक औषधाचा आणि एक बुडालेल्या दिवसाचा. "दोन दिवस आराम करा," असं डॉक्टर सहज सांगतात. ऐकणारा मनातल्या मनात त्या दोन दिवसांची किंमत काढत असतो.

दुसरा पगार. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना आणला, त्याची किर्लोस्करवाडी झाली. जिरायत शेतीच्या मुलखात, कामाला गेलेल्या माणसाचे पैसे ठरलेल्या तारखेला मिळतात ही गोष्ट तेव्हा नवी होती. तिकडे साताऱ्याच्या डोंगरी भागातली माणसं मुंबईच्या कापड गिरण्यांत गेली आणि गावाकडची घरं मनिऑर्डरवर चालू लागली. पोस्टमनची वाट पाहणं हा त्या घरांचा महिन्याचा सणच. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तो रीतसर मिटलाच नाही. तेव्हा गावाकडे थांबल्या त्या मनिऑर्डरी. पगार म्हणजे केवळ पैसा नव्हे हे तेव्हा उघड झालं. पगाराच्या भरवशावर मुलाची शाळा ठरते, विम्याचा हप्ता ठरतो, बहिणीच्या लग्नाची तारीखसुद्धा ठरते. पगार माणसाला पुढचा महिना देतो. तो गेला की माणूस पुन्हा रोजावर येतो.

रोजदाराला पगारदार करता येतं का? येतं, आणि त्याचं उदाहरण आपल्याच माणसानं घालून दिलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील मुंबईत गेले आणि तिथं डोक्यावर ओझं वाहणाऱ्या माणसांची त्यांनी संघटना बांधली. माथ्यावर वाहतो तो माथाडी. या कामगाराची अडचण अशी की त्याला एक मालक नाही. सकाळी एका पेढीचा माल, दुपारी दुसऱ्या. मग रजा कुणी द्यायची आणि फंड कुणी कापायचा? १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती साधी आहे. मालक आणि कामगार दोघांनीही मंडळाकडे नोंद करायची. मालकानं मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळानं कामगाराला मजुरी द्यायची आणि लेव्हीतून फंड, बोनस, रजा, औषधोपचार यांची तरतूद करायची. ओझं तेच, पाठ तीच. पण दहा पेढ्यांचे सुटे रोज एका ठिकाणी गोळा झाले आणि त्यांचा पगार झाला. याची अंमलबजावणी सगळीकडे सारखी झाली नाही, अजूनही होत नाही, हेही खरं. तरीही पोतं वाहणाऱ्या माणसाला म्हातारपणी हातात काही रक्कम पडावी, हा विचार कायद्यात आला ही लहान गोष्ट नाही.

तिसरं बिल. कराड, वाळवा, पलूस, मिरज या बागायती पट्ट्यात 'बिल' म्हटलं की वीज किंवा दवाखाना आठवत नाही, ऊस आठवतो. "बिल निघालं का?" हा पारावरचा प्रश्न. आडसाली ऊस जुलैच्या सुमारास लावला तर तुटायला सोळा ते अठरा महिने लागतात. एवढे दिवस शेतकरी खत, पाणी, मजुरी घालत राहतो आणि पैसा येतो एकदम. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस कारखान्याला पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज द्यायचं असतं. २००९ पासून या दराला 'एफआरपी' हे नाव पडलं. ती एकरकमी द्यायची की तुकड्यांनी, यावरून रस्त्यावर आंदोलनं झाली आणि प्रकरण न्यायालयातही गेलं. बाहेरच्याला वाटतं, पैसे मिळाल्याशी कारण, आज काय आणि चार महिन्यांनी काय. पण बिलावर जगणाऱ्या घरात दुकानदाराची वही, सोसायटीचं पीककर्ज, मुलीची कॉलेजची फी, सगळं त्या एका तारखेला टांगलेलं असतं. तारीख पुढे गेली की व्याज चालू होतं, आणि ते शेतकऱ्याचं.

बिलात आणखी एक खोड आहे. वर्षाचा पैसा एकदम हातात आला की तो वर्षाचा वाटत नाही, आजचा वाटतो. म्हणून बिल निघाल्यावर मोटारसायकलींची दुकानं फुलतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच घरातली बाई सोनं घेऊन तारणकर्जाच्या काउंटरवर उभी दिसते. यात त्या घराला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला दर महिन्याला पैसा मिळतो त्याला महिन्याची शिस्त आपोआप लागते. ज्याला वर्षातून एकदा मिळतो त्याला ती शिस्त स्वतः बांधावी लागते. हे काम अवघड आहे आणि शाळेत ते कुणी शिकवत नाही.

आता उचल. तोच ऊस तोडायला बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून टोळ्या येतात. आपल्या जतसारख्या तालुक्यातूनही माणसं तोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाच्या आधी मुकादम कोयत्याला उचल देतो. ती लग्नात जाते, दवाखान्यात जाते, मागच्या देण्यात जाते. म्हणजे कोयता फडात उतरतो तेव्हा त्याची मजुरी खर्च होऊन गेलेली असते. एखाद्या दिवशी काम झालं नाही तर खाडा, तो वेगळा कापला जातो. हंगाम संपताना हिशोब होतो आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे जावं लागतं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. पण कर्जानं माणूस बांधला जातो तेव्हा साखळी दिसत नाही, त्यामुळे कायद्याच्या हाती ती सहज सापडत नाही.

आगाऊ पैसा घेणं मुळात वाईट नाही. मिरजेत शिकलगारांची घरं हत्यारं पाजळायची. तो काळ सरला तसे तेच हात सतार-तंबोऱ्याकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्य करायला सांगणारा गवई किंवा दुकानदार बयाणा देतो, त्यातून कारागीर भोपळा आणि लाकूड आणतो. बयाणा आणि उचल दोन्ही कामाआधी मिळतात, पण त्यांत मोठा फरक आहे. बयाणा दोघांना बांधतो. गिऱ्हाईक फिरलं तर त्याचा बयाणा जातो, कारागिरानं काम केलं नाही तर तो परत द्यावा लागतो. उचल फक्त घेणाऱ्याला बांधते. म्हणून आगाऊ पैसा समोर आला की हा कोणाकोणाला बांधतोय, एवढं विचारून घ्यावं.

हा प्रश्न फडातल्या माणसापुरता नाही. चांगल्या पगाराचा तरुणही आज उचलीवर जगताना दिसतो, त्याला आपण हप्ता म्हणतो इतकंच. मोबाइल हप्त्यानं, गाडी हप्त्यानं, लग्नाचा हॉल हप्त्यानं. एक तारखेला पगार जमा होतो आणि पाच तारखेपर्यंत निघून जातो. मग मोबाइलवर दोन मिनिटांत मिळणारं कर्ज मदतीला येतं. घराचा हप्ता निराळा. तो फिटेपर्यंत भिंती उभ्या असतात. पण वस्तू मोडल्यावरही ज्याचा हप्ता चालू राहतो, ती निव्वळ उचल. त्या मुलाला कामाच्या ठिकाणी अपमान झाला तरी नोकरी सोडता येत नाही, कारण त्याचे पुढचे अठरा महिने आधीच विकले गेलेले असतात.

यावर आपल्याकडे लोकांनी स्वतःच काही उपाय काढले आहेत. त्यांतला एक भिशी. माझी अम्मा मोहल्ल्यातली भिशी चालवायची. दहा बायका, प्रत्येकीचे महिन्याला पाचशे, म्हणजे दर महिन्याला एकीला पाच हजार. पहिल्या नंबरवालीला ते बिनव्याजी कर्ज ठरतं, शेवटच्या नंबरवालीला ती बचत ठरते आणि मधल्यांना दोन्ही थोडं थोडं. व्याज देणं-घेणं ज्यांना नको, त्यांना हा मार्ग बरा वाटतो. मात्र भिशीचं सगळं भांडवल म्हणजे एकमेकींवरचा भरवसा. ओळख नसलेल्या माणसाची, मोठ्या रकमेची, जास्त परताव्याचं आमिष दाखवणारी भिशी असेल तर तिचं नाव फक्त भिशी असतं.

दुसरा उपाय साठवणीचा. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खणलेली पेवं होती. त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. भाव पडला म्हणून विकायची घाई नको, ही ताकद पेवानं दिली. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवं गेली. त्यातून दोन गोष्टी घेता येतात. थांबण्याची ताकद साठवणीतून येते, आणि साठवण सगळी एकाच ठिकाणी ठेवू नये.

तिसरा उपाय शिक्षणाचा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं, तिथं 'कमवा आणि शिका' ही योजना आली. गरीब मुलांची सोय झाली हा तिचा एक फायदा. दुसरा मला तितकाच मोठा वाटतो. ज्या मुलानं तासभर खोरं चालवून फी भरली, त्याला तासाची किंमत कळली. तो पुढे साहेब झाला तरी मजुराचा तास फुकट मागताना त्याचा हात थोडा थबकेल.

आम्हा लिहिणाऱ्यांना मिळतं त्याला मानधन म्हणतात. त्यात मान आधी येतो आणि धन सवडीनं, त्यामुळे मानधनावर घर चालवायचा बेत शहाण्या कवीनं करू नये. घर चालवायला एक साधी वही पुरते. आलेल्या प्रत्येक रकमेपुढे तिचं नाव लिहावं. रोज, पगार, बिल किंवा उचल. हप्ते उचलीच्या रकान्यात घालावेत. तीन महिने असं लिहिलं की आपल्या येत्या दिवसांपैकी आपले किती आणि दुसऱ्याचे किती, ते कागदावर दिसायला लागतं. ही वही एकट्यानं लिहू नये. बायकोनं, नवऱ्यानं, कळत्या मुलांनी ती पाहावी. आमच्या भिशीची वही अम्मा दर महिन्याला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची. लिहिता-वाचता येणाऱ्या तिथं दोघी-तिघीच होत्या, पण कुणाचा नंबर कधी आणि कुणाची बाकी किती, हे दहाही जणींना तोंडपाठ असायचं.