डोंगर मोजावा कशाने?

गुजरातपासून दिल्लीपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर पसरलेली अरवली ही हिमालयाहून कितीतरी प्राचीन पर्वतरांग. दक्षिणेकडे १,७२२ मीटर उंचीचे गुरुशिखर आहे. परंतु उत्तरेकडे ही रांग झिजून ठेंगण्या, खडकाळ टेकड्यांच्या रूपातच उरली आहे. भोवतालच्या जमिनीपासून १०० मीटर वा त्याहून उंच असेल तीच अरवलीची टेकडी, ही व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मान्य केली आणि तिच्याविरुद्ध सर्वत्र ओरड झाल्यावर २९ डिसेंबर रोजी स्वतःच स्थगित केली. तथापि, व्याख्येला स्थगिती मिळाली म्हणून तिच्यामागील विचारसरणी निकालात निघाली, असे समजण्याचे कारण नाही.

अरवलीचे खरे कार्य तिच्या उंचीत नाही. मोसमी वाऱ्यांची अरबी समुद्रावरील शाखा या रांगेला समांतर वाहते. त्यामुळे पाऊस बेताचाच. जो पडतो तो भेगाळलेल्या खडकांतून मुरतो आणि पायथ्याच्या गावांच्या विहिरींना मिळतो. लुणी, बनास आणि साबरमती या तीन दिशांना जाणाऱ्या नद्या याच डोंगरांतून उगम पावतात. उथळ मातीत तग धरणारे धोक वृक्ष ही माती जागच्या जागी धरून ठेवतात. ठेंगण्या टेकड्यांची साखळी तुटली की थरची वाळू पूर्वेकडे सरकण्यास वाट मिळते आणि बिबळ्या-तरसांची ये-जा खुंटते.

ही साखळी तुटू लागलीच आहे. राजस्थानातील पाहणी केलेल्या १२८ टेकड्यांपैकी ३१ नाहीशा झाल्याचे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आले. दगडाच्या खाणींवर हजारो मजुरांची चूल पेटते, हे खरे. परंतु त्याच मजुरांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ साठते, हेही तितकेच खरे. राजसमंदचा संगमरवर मुंबई-पुण्याच्या घरांतही पोहोचतो. तेव्हा महाराष्ट्रालाही या हिशेबातून अंग काढून घेता येणार नाही.

खोदलेला डोंगर पुन्हा उभा करता येत नाही. झाडे लावून त्याची भरपाई होते, हा समजही भ्रामक आहे. उजाड उतारांवर फोफावलेली वेडी बाभूळ धोकाच्या रानाची जागा घेऊ शकत नाही. मात्र जे डोंगर शाबूत आहेत, त्यांच्या कुशीत काय घडू शकते हे अलवर जिल्ह्याने दाखवून दिले आहे. १९८५ पासून तरुण भारत संघाच्या साहाय्याने गोपालपुरा आणि आसपासच्या गावांनी मातीचे जोहड बांधले, पाणी अडवले, आणि कोरडी पडलेली अरवरी नदी पुन्हा वाहू लागली. उतारावरून येणारे पाणी होते, म्हणूनच जोहडांना अर्थ आला.

अरवलीची नवी व्याख्या करणाऱ्यांनी म्हणूनच उंचीची दोरी बाजूस ठेवावी. कोणत्या टेकडीवरचे पाणी कोणत्या विहिरीत उतरते, याची गावोगाव नोंद करावी आणि ती पुरी होईपर्यंत एकही नवा खाणपट्टा देऊ नये.