घरच्या कारखान्यातला कामगार

जुनी वेगवान मोटार घरी दुरुस्त करणारा गृहस्थ मालकही असतो आणि कामगारही. तेथे तपासनीस नाही, युनियन नाही. म्हणून कामाचा क्रम त्याने स्वतःच नीट लावला पाहिजे.

ब्रिटनमधील मिनी कूपरचेच उदाहरण घ्या. १९५९ साली निघालेल्या साध्या मिनीला ३४ अश्वशक्तीचे इंजिन होते. १९६१ च्या कूपरमध्ये ते ५५ अश्वशक्तीचे झाले. पण त्याबरोबरच पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही दिले गेले. कारण उघड आहे. वेग दीडपट झाला की गाडी थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते. तेव्हा इंजिनाचा जोर वाढवण्याआधी ब्रेक पाहावेत. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. असे तेल तापून उकळले की वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचा ब्रेक नुसताच खाली जातो. म्हणून तेल ठराविक मुदतीने बदलावे, तडकलेले रबरी नळही बदलावेत.

दुसरी गोष्ट धुळीची. ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी आली ती १९९९ साली. त्याआधीच्या ब्रेकच्या अस्तरांत ते असू शकते. त्याचे तंतू फुप्फुसात रुततात आणि रोग कित्येक वर्षांनी दिसतो. म्हणून ड्रममधली धूळ फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी शिरू नये. भक्कम स्टँड लावावेत.

कारखान्यात जी सुरक्षितता मालकाशी भांडून मिळवावी लागते, ती घरी आपणच आपल्याला द्यायची असते.