जंगलाचे देणे आणि त्याचे वाटेकरी

जंगल राखले पाहिजे, असे आपण सगळेच म्हणतो. पण ते कशासाठी आणि कोणासाठी, असे विचारले तर उत्तरे निरनिराळी येतात. या उत्तरांचा विचार आम्ही जुन्नर तालुक्यातील घाटघर डोळ्यांपुढे ठेवून करीत आहोत. नाणेघाटाच्या माथ्यावर, जीवधन किल्ल्याजवळ वसलेले हे गाव. (अकोले तालुक्यातील वीजप्रकल्पाचे घाटघर ते निराळे.) येथून दक्षिणेला, सह्याद्रीच्या याच रांगेत भीमाशंकर अभयारण्य आहे. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. राज्यप्राणी शेकरू हे त्याचे भूषण.

निसर्गाच्या देण्याचे चार प्रकार सांगितले जातात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने झालेल्या २००५ सालच्या जागतिक पाहणीने ही विभागणी रूढ केली. पहिला प्रकार हाती येणाऱ्या वस्तूंचा : पाणी, सरपण, मध, औषधी. दुसरा न दिसणाऱ्या राखणीचा : मुळांनी माती धरणे, पाऊस जमिनीत जिरवणे. तिसरा मनाला मिळणाऱ्या समाधानाचा : देवराई, यात्रा, सहल. चौथा या तिन्हींचा पाया : पाला कुजून नवी माती तयार होणे.

आता हे देणे कोणाला कसे दिसते ते पाहू. पावसाळ्यात नाणेघाटात येणाऱ्या शहरी पाहुण्याला ढग आणि धबधबे दिसतात. खालच्या बागायतदाराला पाणी दिसते. कुकडीवरचे माणिकडोह आणि घोडवरचे डिंभे ही धरणे याच डोंगरांवरच्या पावसाने भरतात. माथ्यावरच्या महादेव कोळी कुटुंबाला मात्र जंगल म्हटले की आधी बाळहिरडा आठवतो. हिरड्याची कच्ची फळे उन्हाळ्यात गोळा करून वाळवतात. ती औषधाला आणि कातडी कमावण्याला लागतात. भातशेती पावसावरची, म्हणून हातात रोख पैसा येतो तो हिरड्याचा.

जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर, आंबेगाव, खेड भागातील हिरडा झोडपला. शेतातले पीक गेले तर भरपाई कशी द्यायची हे सरकारदरबारी ठरलेले असते. जंगलातल्या फळाचे तसे नव्हते. त्यामुळे भरपाईसाठी आदिवासी बांधवांना बरीच वर्षे आंदोलने करावी लागली. जो लाभ कागदावर दिसत नाही, तो बुडाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, हा यातला धडा आहे.

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील एका शिलालेखात शक उपासकाने दिलेले दान नोंदले आहे : २० निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाची झाडे लावण्यासाठी आणि ९ निवर्तनांचे वडाच्या झाडांसाठी. झाड लावणे हे तेव्हा दानाइतकेच मोलाचे मानले गेले आणि त्याचा हिशेब दगडात कोरला गेला.

२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. निसर्गाचे देणे सर्वांचे असले तरी ते आपोआप सर्वांपर्यंत पोचत नाही, हे त्या ओंजळीने जगाला दाखविले. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला आणि सामूहिक वनसंपत्ती सांभाळण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. ही त्याच वाटेवरची पायरी होय.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, संरक्षण टिकायचे असेल तर जंगलाच्या सर्वांत जवळ राहणाऱ्याचा लाभ आधी मोजला पाहिजे. ज्याच्या घरी हिरडा वाळतो, त्याला हिरड्याचे झाड राखण्याविषयी उपदेश करावा लागत नाही. आमच्या विद्यार्थी मित्रांनी लेण्याद्री-नाणेघाटाची सहल जरूर काढावी; पण डोंगर पाहून परतण्याआधी वाटेतल्या एखाद्या आजीपाशी बसून विचारावे, "आजी, हे रान तुम्हाला काय देतं?" उत्तर वहीत लिहून आणावे. आपल्या शिक्षणाचा तोही एक धडा ठरेल.

भवतु सब्ब मंगलं!