गंजलेल्या ब्रेकनळीची हयगय नको

भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंधा घाटात, किंवा वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्यावर, मोटार हाकणाऱ्याचा जीव ज्या वस्तूच्या भरवशावर असतो, ती म्हणजे मोटारीच्या पोटाखालून गेलेली, जेमतेम पावणेपाच मिलिमीटर जाडीची पोलादी नळी होय. आणि खेदाची गोष्ट अशी की, वरच्या पत्र्याला हौसेने पॉलिश करणारा मालकदेखील तिच्याकडे वर्षानुवर्षे ढुंकून पाहत नाही.

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर पडलेला दाब, बंदिस्त द्रवाच्या ज्या गुणाचा नियम सतराव्या शतकात पास्कालने सांगितला त्याच गुणामुळे, या नळ्यांवाटे चारही चाकांपाशी पोहोचतो. आणि जोराच्या ब्रेकला तो दर चौरस सेंटिमीटरला ७०-८० किलोंपर्यंतही जातो. गंजाने पोखरलेली नळी रोजच्या हलक्या ब्रेकला निभावून नेते आणि पाय सर्व बळानिशी दाबलेला असतो नेमकी तेव्हाच फुटते, ही यातील खरी भीती. अनेक जुन्या मोटारींत चारही चाकांना मिळून एकच मार्ग असे, त्यामुळे एक नळी फुटली की सगळेच ब्रेक निकामी होत. पुढे मार्ग दोन झाले. तरी अर्ध्या ब्रेकवर घाट उतरण्याचा प्रसंग कोणावरही येऊ नये.

थंड देशांत बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर पसरलेले मीठ नळ्या खाते, कोकणात खारी हवा. या मुलखात ते काम सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस आणि भातखाचरांच्या वाटेवरचा चिखल करतात. नळी जागच्या जागी धरणाऱ्या क्लिपांमागे चिखल दडून बसतो व पाऊस सरल्यावरही ओल धरून राहतो. म्हणून उघड्या भागात ठणठणीत दिसणारी नळी क्लिपखाली खंगलेली सापडते. शिवाय ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते, सबब ते दोन वर्षांच्या मुदतीत न बदलल्यास गंज आतूनही लागतो.

नळी घरी बदलता येते. मात्र त्यासाठी सपाट जागा, केवळ जॅकच्या आधारावर न ठेवता पक्क्या स्टँडवर टेकविलेली मोटार, आणि उतावीळ नसलेला माणूस पाहिजे. जुन्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल सोडावे व ब्रेकच्या नटांसाठी मिळणारा खास पाना वापरावा, कारण साध्या पान्याने नटाचे कोपरे झिजतात. काढलेली नळी फेकू नये; तिच्याच मापाने व वळणाने नवी घडवावी. तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नळी गंजत नाही व हाताने वळते, म्हणून थोडा अधिक खर्च सोसूनही तीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. साधी तांब्याची मात्र घेऊ नये, कारण सततच्या कंपनाने ती तडकते. खरी कसोटी फ्लेअरची, म्हणजे नळीच्या टोकाच्या पसरविलेल्या तोंडाची. तो मूळच्याच घडणीचा, दुहेरी असेल तर दुहेरीच, हवा. आणि नट आधी नळीवर ओवून मगच फ्लेअर करावा.

त्यानंतर एअर काढणे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकापाशी निपल सैल करून बुडबुड्यांसह ऑइल निघू द्यावे व पेडल सुटण्यापूर्वी निपल आवळावे. उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या आपल्या मोटारींत आरंभ सहसा सर्वांत दूरच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून करतात, तथापि कंपनीच्या पुस्तिकेत निराळा क्रम असल्यास तोच प्रमाण मानावा. टाकीतील ऑइल तळाला जाऊ देऊ नये, आणि ते रंगावर सांडल्यास तत्काळ पाण्याने धुवावे.

गंजलेला तुकडा कापून मध्ये रबरी नळी व पट्टी आवळण्याची तजवीज काही जण करतात. ती सर्वथा त्याज्य आहे. फ्लेअरविषयी तिळमात्र शंका असेल, तर तेवढे काम जाणत्या मेकॅनिककडून करून घ्यावे. पेडल कडक लागते, ते दाबून धरले असता हळूहळू खाली जात नाही आणि एकही जोड पाझरत नाही, याची खातरजमा सपाट रस्त्यावर संथ गतीने करावी, आणि ती झाल्याखेरीज मोटार घाटात नेऊ नये.