मोरी का तुंबते?

पावसाळा तोंडावर आला की वस्तीतल्या निम्म्या घरांत एकच तक्रार असते, मोरीतलं पाणी उतरत नाही. मग कोणी बांबूची कामटी घालतं, कोणी ॲसिडची बाटली ओततं, कोणी नगरसेवकाच्या नावानं बोटं मोडतं. नगरसेवकाचं शेवटी बघू, त्याचा वाटा आहेच. आधी आपल्या जाळीपासून सुरुवात करू.

आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत भांडी, धुणं आणि आंघोळ एकाच कोपऱ्यात होतं, आणि तिन्हींचा गाळ एकाच पाइपात जातो. रश्श्यातलं तेल, मटणाची चरबी गरम आहे तोवर वाहते. पाइपात गार झाली की आतल्या बाजूला थिजून बसते. त्यावर साबणाचा चिकटा चढतो. बोअरिंगचं जड पाणी असेल तर साबणाचा पांढरा साका जास्तच धरतो. या चिकट्यात केस अडकतात, केसांत भाताची शितं, चहाचा चोथा, भांडी घासायची राख, नारळाच्या शेंडीचे धागे. तीन इंची पाइपाची वाट हळूहळू बोटाएवढी होते आणि एक दिवस बंद पडते. म्हणजे एका दिवसात काही तुंबत नाही, आपल्याला दिसतं फक्त त्या दिवशी.

म्हणून खरकटं आधी डब्यात काढा, मग भांडं घासा. तेलकट कढई रद्दी कागदानं पुसून मगच मोरीत ठेवा. मोरीच्या तोंडावर बारीक भोकांची जाळी हवी आणि ती रोज उचलून झटकायला हवी. पाणी लवकर जावं म्हणून जाळीच काढून ठेवणारी घरं मला माहीत आहेत, तिथंच सगळ्यात आधी तुंबतं. गुंतवळ मोरीत सोडू नका. केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत येतेच, तिच्यासाठी पिशवीत साठवा. आठवड्यातून एकदा रात्री निजण्यापूर्वी बादलीभर गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून ओता. पाइप प्लास्टिकचा असेल तर उकळतं पाणी नको, त्यानं पाइप मऊ पडतो आणि सांधे सुटतात.

नवी मोरी बांधताना मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहा. दर दहा फुटांना दोन ते अडीच इंच उतार हवा. काटकोनात वळवलेला पाइप हमखास तुंबतो, वळण सावकाश घ्यायला लावा. आणि ट्रॅप बसवाच. त्यात साठून राहणारं पाणीच गटाराचा वास आणि झुरळं घरात येऊ देत नाही.

आता जे आपण बायका कुजबुजत बोलतो ते. सॅनिटरी पॅडमध्ये पाणी शोषून फुगणारी भुकटी असते आणि खाली प्लास्टिकचा थर. तो विरघळत नाही, पाइपात जाऊन फुगतो. डायपरचंही तेच. सार्वजनिक शौचालयांत पॅड भांड्यात का टाकले जातात? कारण आत डबाच नसतो, आणि बाहेर पुरुषांच्या रांगेसमोरून हातात पुडी घेऊन जायला पोरी लाजतात. हा पोरींचा दोष नव्हे. प्रत्येक बायकांच्या शौचालयात झाकणाचा डबा मागा. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतच पॅड नीट गुंडाळून द्यावा आणि कंपन्यांनी त्यासाठी पिशवी द्यावी असं लिहिलं होतं.

ॲसिडबद्दल नर्स म्हणून बजावून सांगते. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो छातीत गेला तर जीव गुदमरतो, दम्याच्या माणसाला तर सहनच होत नाही. पाइप मोकळा करायचे दाणे मिळतात, ते कॉस्टिक सोड्याचे असतात. त्यांवर गरम पाणी ओतलं की उसळून तोंडावर येतं. डोळ्यात गेलंच तर चोळू नका, वाहत्या पाण्यानं किमान पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. आधी रबरी पंप वापरून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानंच भागतं.

साचलेल्या गटारानं डेंग्यू होतो असं समजतात. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो, तो आपल्या पिंपात आणि कूलरमध्ये असतो. घाण पाण्यात वाढतो तो हत्तीरोगाचा डास, विदर्भातल्या वाचकांना हा रोग नवा नाही. उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नका. उतरावंच लागलं आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरला ते आवर्जून सांगा.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती पिण्याच्या पाइपाची. आपल्या वस्त्यांत नळाचे पाइप गटारातूनच जातात. पाणी चालू असतं तेव्हा आतला दाब घाण बाहेर ठेवतो. पाणी गेलं की पाइप रिकामा होतो आणि गळक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी नळ सुटला की पहिली धार तीच. कावीळ, टायफॉइड, पोरांचे जुलाब इथूनच येतात. म्हणून पहिल्या दोन-चार बादल्या धुण्याला घ्या, पिण्याचं त्यानंतर भरा आणि उकळा. सांधा गळत असेल तर मोरी दुरुस्त करण्याआधी तो बदला.

गल्लीतलं मोठं चेंबर तुंबलं की वर्गणी काढून कोणाला तरी आत उतरवायचं, हे अजून चालतं. आत जाणारा बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. चेंबरमधल्या वायूला आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि माणूस कळायच्या आत कोसळतो. त्याला काढायला गेलेला दुसराही तिथंच राहतो. २०१३ च्या कायद्यानं संरक्षणाच्या साधनांशिवाय कोणाला असं उतरवणं गुन्हा आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. वर्गणी काढायचीच तर अर्ज, झेरॉक्स आणि फोटोला काढा.

आता नगरसेवक. मुख्य गटाराचा गाळ काढणं हे पालिकेचं काम आहे, आणि ते पावसाआधी व्हायला हवं. एप्रिलमध्येच दहा-बारा घरांच्या सह्यांचा अर्ज वॉर्ड ऑफिसात द्या, त्यावर आवकचा शिक्का घ्या. मुंबईत १९१६ वर फोन करून तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा नंबर आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. काढलेला गाळ गटाराच्या काठावरच टाकून गेले, तर तो उचलून नेण्यासाठी त्याच नंबरवर पुन्हा फोन करा, नाहीतर पहिल्या सरीत तो परत आत जातो.