माझं दुकान कुठाय यात?
(विद्यार्थी-व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मी चित्रकलेची विद्यार्थिनी आहे, शेवटच्या वर्षाला. आजचा विषय आहे रचना, म्हणजे ज्याला आपण सर्रास कंपोझिशन म्हणतो ते. आयोजकांनी मला आधीच सांगितलं होतं की नियम सांगत बसू नकोस, ते सगळीकडे मिळतात. तुझ्या स्वतःच्या कामात काय झालं ते सांग. म्हणून सुरुवात एका चुकीपासून करते.

पडद्यावरचा हा पहिला फोटो बघा. शिलाई मशीनच्या सुईखाली पांढरं कापड आहे, त्यावर दोन हात. बाजूने खिडकीचा उजेड, मागे सगळा काळोख. हे हात माझ्या बाबांचे. त्यांचं शिंप्याचं दुकान आहे, आठ बाय दहा फुटांचं. येत्या दिवाळीनंतर ते बंद करायचं ठरलंय. त्याआधी दुकानाचे फोटो काढून ठेवावेत, म्हणून मी सुट्टीत गावी गेले होते.

वर्गात या फोटोचं कौतुक झालं. मी खुशीत तो बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाले, "हात छान आलेत गं. पण हे कुणाचेबी असतील की. माझं दुकान कुठाय यात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बत्तीस फोटो काढले होते. सगळे चाळून बघितले. दुकान एकातही नव्हतं.

नियमाने काय दिलं, काय नाही

असं का झालं? मी नियम नीट पाळले होते. एक-तृतीयांशाचा नियम तुम्हाला माहीत असेल. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करायचे आणि महत्त्वाची गोष्ट त्या रेघांवर किंवा त्या जिथे छेदतात तिथे ठेवायची. आपल्या फोनच्या कॅमेऱ्यातही ही जाळी असते. हा नियम फोटोग्राफीच्या आधीचा आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गदृश्यांवरच्या पुस्तकात त्याला हे नाव दिलं. तेव्हा कॅमेऱ्याने काढलेला फोटो अस्तित्वातच नव्हता.

नियम वाईट नाही. पण तो 'कुठे ठेवायचं' एवढंच सांगतो. 'काय ठेवायचं' हे त्याला विचारून उपयोग नाही. दुसरा सल्ला मी ऐकला होता की फोटो साधा ठेवा, पसारा काढून टाका. मी काढला. माझ्या दृष्टीने जो पसारा होता, तेच बाबांचं दुकान होतं.

स्टुलावरच्या तीन दुपारी

मग मी फोन बाजूला ठेवला आणि वही घेऊन गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. तीन दुपारी बसून दुकान रेखाटलं.

तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षा दिल्या असतील. त्यात स्मरणचित्र असतं: बाजार, बसस्टॉप, पाणवठा. आम्हाला तेव्हा एकच धोशा असायचा, "कागद भरा!" त्यामुळे चित्र काढताना माझा हात भरत जातो. फोटो काढताना मात्र मी उलट वागत होते, कापत जात होते. आणि हा फरक त्या माध्यमांतच आहे. कोऱ्या कागदावर काहीच नसतं, प्रत्येक वस्तू आपण ठरवून आणतो. कॅमेऱ्यापुढे सगळं आधीच हजर असतं, आपण ठरवतो ते काय वगळायचं.

वगळणं फार सोपं असतं, एक पाऊल पुढे टाकलं की झालं. वस्तू काढायची तर दहा मिनिटं तिच्याकडे बघावं लागतं. त्या तीन दुपारी मला दिसलेल्या गोष्टी सांगते: दोऱ्याच्या रिळांची फळी, रंगांनुसार लावलेली. सुतळीने बांधलेली मापांची वही. गिऱ्हाइकांचा उभा आरसा, खालचा कोपरा उडालेला. आणि मागच्या खिळ्यांवर हँगरला लावलेले सात-आठ कपडे, शिवून तयार, पण कुणी न्यायला न आलेले. काही तर तीन वर्षांपासून तिथेच. माझ्या फोटोंत मागे जो सुंदर काळोख होता ना, तो म्हणजे हे कपडे होते.

वस्तू हलवायची की आपण हलायचं

चौथ्या दिवशी पुन्हा फोन हातात घेतला. आता काय हवंय हे ठाऊक होतं, पण ते बसेना. इथे तीन अडचणी आल्या, त्या क्रमाने सांगते.

पहिली, डोळ्यांची उंची. चित्रात आपण क्षितिजरेषा आखतो. कॅमेरा सरळ समोर धरला तर तो जेवढ्या उंचीवर असेल, तेवढ्याच उंचीच्या गोष्टी क्षितिजरेषेवर येतात. मी उभी राहून फोटो काढत होते आणि बाबा बसलेले. म्हणजे ते कायम त्या रेषेच्या खाली, वरून पाहिलेले. स्टुलावर बसले तेव्हा कॅमेरा आणि त्यांचे डोळे एका उंचीवर आले. फक्त बसल्याने फोटोतला माणूस बदलला.

दुसरी, एकावर एक येणाऱ्या वस्तू. बाबांच्या डोक्यातून हँगर उगवल्यासारखा दिसत होता. चित्रात मी तो हँगर दोन बोटं सरकवला असता. फोटोत हँगर हलत नाही, मला हलावं लागतं. वीतभर डावीकडे सरकले, तर हँगर मोकळा झाला पण आरसा कापला गेला. थोडी मागे गेले, आरसा आला. असं करता करता अर्धा तास गेला.

तिसरी, जागा. एवढ्या लहान खोलीत सगळं घ्यायचं तर फोनची रुंद लेन्स वापरावी लागते, आणि ती कडेच्या गोष्टी ताणते. म्हणून बाबांना कडेपासून आत ठेवलं. कडेला फळी आली, ती थोडी ताणली तर बिघडत नाही.

बेतणं

माझी ही धडपड बाबा बघत होते. म्हणाले, "हे म्हणजे कापड बेतण्यासारखंच आहे की."

शर्ट बेतताना ते आधी मोठे भाग ठेवतात, पाठ आणि पुढचे दोन. मग बाह्या. कॉलर, खिसा हे लहान भाग उरलेल्या जागेत. चौकटीचं कापड असेल तर दोन्ही बाजूंच्या चौकटी जुळवाव्या लागतात, त्याला कापड जास्त लागतं. आणि सगळं मांडून झालं की ते उरलेल्या कापडाकडे बघतात. ते तुकडे फार वेडेवाकडे निघाले तर मांडणी पुन्हा करतात.

आम्हाला वर्गात रिकाम्या अवकाशाबद्दल शिकवतात, ते हेच. दोन वस्तूंमधली जागा हासुद्धा एक आकार आहे. आधी मोठे आकार, मग लहान, मग उरलेली जागा, या क्रमाने मी चौकट लावायला लागले.

गर्दीची भीती घालवायला मला रघुबीर सिंग यांच्या फोटोंची मदत झाली. १९४२ ते १९९९ हा त्यांचा काळ. मुंबईवरचं त्यांचं पुस्तक १९९४ सालचं. त्यातले फोटो बघा: दुकानं, काचा, आरसे, माणसं, सगळं एका चौकटीत खच्चून भरलेलं. पण प्रत्येकाला आपापली जागा आहे. पसारा आणि भरलेली चौकट यात फरक असतो, हे मला तिथे कळलं.

आता हा शेवटचा फोटो. डावीकडे मशीनवर बाबा, मागे न नेलेले कपडे, उजवीकडे आरसा. आरशात दारातला मुलगा दिसतो, शाळेच्या गणवेशाचं माप द्यायला आलेला, आणि त्याची आई. वर्गात एकजण म्हणाला, गर्दी झालीये. थोडं खरं आहे. वरच्या कोपऱ्यातलं लाल कॅलेंडर डोळा ओढून घेतं, ते मला सोडवता आलं नाही. बाबा मात्र पाच मिनिटं तो फोटो बघत होते. एकेका कपड्यावर बोट ठेवून तो कुणाचा ते सांगत होते.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: फोटो नंतर क्रॉप केला तर चालतो का?*

चालतो. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांना क्रॉप करणं आवडत नसे. पण डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ सालचा प्रसिद्ध फोटो क्रॉप केलेलाच आहे. लेन्स कुंपणाच्या फटीतून लावली होती, कडेला फळी आली होती. फक्त एक लक्षात ठेवा: क्रॉप करून वगळता येतं, राहून गेलेलं आत आणता येत नाही.

*प्रश्न: ज्यांना चित्र येत नाही त्यांनी काय करावं?*

चांगलं चित्र काढायचंच नाहीये. काडेपेटीएवढी चौकट आखा. त्यात मोठे तीन आकार काढा, नुसते डबे, गोल काढले तरी पुरे. मग स्वतःला विचारा, यातलं काय गेलं तर हा फोटो दुसऱ्या कुणाचाही होईल? ते आत ठेवा. मग फोन उचला.