निर्वात नलिकेचा ‘गोड’ आणि ‘खरा’ स्वर

जुन्या निर्वात नलिकांच्या विवर्धकावर, म्हणजे बोलीतील ॲम्प्लिफायरवर, घरी संगीत ऐकणारे रसिक त्याच्या स्वराला ‘गोड’ म्हणतात आणि ‘खरा’ही म्हणतात. ही दोन विशेषणे एकाच श्वासात येतात. वस्तुतः त्यांचे परस्परांशी जमत नाही.

‘निर्वात नलिका’ हा शब्द ग्रंथांतच राहिला. पुण्यात काय आणि वऱ्हाडात काय, लोक ‘व्हॉल्व्ह’ म्हणाले. फ्लेमिंगने १९०४ साली केलेल्या नलिकेतून प्रवाह एकाच दिशेने जाई, म्हणून इंग्लंडात तिला झडपेचे नाव मिळाले. मराठीने ते नाव घेतले. त्याची ‘झडप’ मात्र कोणी केली नाही. अमेरिकेतील ‘ट्यूब’ही रुजला नाही, कारण तो शब्द सायकलीच्या चाकाने आणि दिव्याने अडवून ठेवला होता.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजीसारख्या गावी विजेवरील रेडिओवर हे केंद्र लावणाऱ्याला व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबणे भाग होते. तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन धनाग्राकडे जातात आणि मधल्या जाळीवरील क्षीण ध्वनिसंकेतानुसार त्या प्रवाहात चढउतार होतात. ‘ईएल ८४’ या नलिकेच्या धनाग्राला सुमारे २५० व्होल्टांचा दाब लागतो. तिच्यापासून पाचेक वॉट शक्ती मिळते. बैठकीच्या खोलीला ती पुरेशी होय.

हे चढउतार मूळ संकेताशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि गोडव्याचे एक कारण येथेच आहे. एकट्या नलिकेच्या मांडणीत मूळ स्वराच्या दुपटीचा उपस्वर प्रामुख्याने मिसळतो. षड्ज २४० कंपनांचा धरल्यास ४८० कंपनांचा तार षड्ज त्यात भर घालतो. तानपुऱ्याच्या स्वयंभू स्वरांना सरावलेल्या कानाला ही भर परकी वाटत नाही.

दोन स्वर एकत्र आले म्हणजे त्यांची बेरीज व वजाबाकीही ऐकू येऊ लागते. षड्ज आणि ३६० कंपनांचा पंचम यांतून १२० व ६०० निघतात. म्हणजे मंद्र षड्ज आणि तार गंधार. येथवर सारे सुरेल आहे. परंतु षड्जावर गायक २५६ कंपनांचा कोमल ऋषभ लावतो, तेव्हा बेरीज ४९६ होते. ती तार षड्ज (४८०) आणि तार कोमल ऋषभ (५१२) यांच्या नेमकी मध्ये पडते व कोणत्याच स्वराची राहत नाही. आवाज फार चढवला की हा गढूळपणा जाणवू लागतो. तेव्हा ‘गोड’ हे विशेषण मर्यादेने मान्य करावे. ‘खरा’ हे मात्र नव्हे. जे मूळ गायनात नव्हते तेच येथे गोड लागते.

‘पुशपुल’ मांडणीत दोन नलिका परस्परविरुद्ध चालतात आणि दुपटीचा हा उपस्वर बहुतांशी नाहीसा होतो. तरीही श्रोते तिला गोडच म्हणतात. तेथे कारण स्पीकरात, लाकडी पेटीत आणि मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात गाळल्या जाणाऱ्या उंच कंपनांत शोधावे लागते.